क्राइम मालिकांमधला शेजारी

प्रश्न असा आहे: ‘मी मुंबईत मास मीडिया शिकते. प्रकल्पासाठी जुन्या-नव्या क्राइम मालिका बघतेय. घरचे म्हणतात, हा सगळा मसाला, यातून त्या काळचा समाज काय कळणार? खरंच काही कळतं का? आणि कळत असेल तर नेमकं बघायचं काय?’

मी सत्तावीस वर्षं टीव्हीसाठी लिहितेय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पोलीस तपासाच्या मालिकांवर गेली, मराठीत आणि हिंदीतही. माझ्या अनुभवातून सांगते: कळतं, आणि पुष्कळ कळतं. मात्र खून कसा झाला आणि खुनी कोण निघाला, यात समाज शोधू नका. तो भाग आम्ही ठरवून, घासूनपुसून लिहितो. प्रेक्षक कुठे चकेल, चॅनलला काय चालेल, दिवसभरात किती लोकेशन होतील, असा सगळा हिशेब त्यात असतो. समाज सापडतो तो आम्ही फारसा विचार न करता लिहिलेल्या जागांमध्ये. इन्स्पेक्टर बेल वाजवतो तेव्हा दार कोण उघडतं? शेजारी बाहेर येतात की आतूनच कानोसा घेतात? पहिला संशय कोणावर जातो? बाई तक्रार द्यायला आली तर सोबत कोण असतं? स्टोरी मीटिंगमध्ये यावर कोणी पाच मिनिटंही बोलत नाही. त्या त्या वेळी आपल्याला जे स्वाभाविक वाटत असतं ते हातून उतरतं. म्हणूनच मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते.

सगळंच बघायला गेलात तर प्रकल्प हाताबाहेर जाईल. एकच माणूस धरा: शेजारी. गेल्या चाळीस वर्षांत मुंबईच्या पडद्यावर त्याचं काय झालं एवढंच बघा.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरी, कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंकडे. मालिकेची वेळ झाली की त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. मोठी माणसं आत, आम्ही पोरं उंबऱ्यावर. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची. दिग्दर्शक बी. पी. सिंग, जे आधी दूरदर्शनवर कॅमेरामन होते. शिवाजी साटम त्यात पोलीस अधिकारी. सेंट्रल बँकेत नोकरी केलेला हा माणूस पडद्यावर आला की आमच्या चाळीतलाच कोणी तरी वर्दी घालून आलाय असं वाटायचं.

मालिकेचं नाव म्हणजे पोलिसांचा फोन नंबर. पण आमच्या चाळीत फोन होता कुठे? खाली वाण्याच्या दुकानात एक. घरी फोन हवा म्हणून नंबर लावल्यावर वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची तो काळ. म्हणजे कोणाला शंभर नंबर फिरवायचा असला तर आधी वाण्याला सांगायला हवं, आणि वाण्याला सांगितलं म्हणजे चाळीला सांगितलं. पोलिसांच्या आधी शेजाऱ्याला कळायचं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

त्या काळच्या तपासकथांमध्ये एक वाक्य फार यायचं. ‘साहेब, दार नुसतं लोटलेलं होतं.’ दूधवाला, शेजारीण, वरच्या मजल्यावरचे आजोबा, कोणीतरी सकाळी डोकावतं आणि मग आरडाओरडा होतो. हे वाक्य आता कुठल्याही संहितेत लिहिता येत नाही, कारण मुंबईत दार नुसतं लोटलेलं राहतच नाही. तेव्हा दिवसभर दारं उघडी असायची. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी काल रात्री आवाज चढले, सगळं गॅलरीला माहीत. त्यामुळे पडद्यावरच्या इन्स्पेक्टरचं निम्मं काम म्हणजे लोकांशी बोलणं. चहा घेत, खाटेच्या कडेला बसून, बोलता बोलता काढून घेणं.

आणि पंच. हा शब्द तुमच्या टिपणवहीत आधी लिहून घ्या. पोलीस एखाद्या जागेची झडती घेतात तेव्हा त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला हवेत, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होतं. म्हणजे कायद्यानेच शेजाऱ्याला तपासात पाट मांडला होता. त्या मालिकांमध्ये पंच म्हणून सही करणारा माणूस दिसायचा. त्याला नाव असायचं, एखादं वाक्य असायचं. पुढे तो आधी मुका झाला आणि मग कापलाच गेला. मी स्वतः कितीतरी वेळा कापलाय. ‘पंचनामा झाला’ एवढ्या संवादात काम भागायचं आणि एका कलाकाराचे पैसे वाचायचे.

आता त्या मालिकांनी काय लपवलं तेही बघा, कारण न दाखवलेलंही तितकंच बोलतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आमच्या चाळीतली बहुतेक घरं त्यातलीच. संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. ज्यांचे बाप घरी बसले त्यातली काही पोरं टोळ्यांच्या नादाला लागली. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, जिन्यात पाहिलेलं आहे. उंबऱ्यावर बसून मालिका बघताना मात्र हा गिरणगाव मला कधी दिसला नाही. दूरदर्शन सरकारी. पोलीस सज्जन, तपास शास्त्रशुद्ध, शेवटी गुन्हेगाराच्या हातात बेड्या. गुन्हा एखाद्या माणसाच्या लोभामुळे किंवा रागामुळे घडतो, धंदा बुडाल्यामुळे, वस्ती उद्ध्वस्त झाल्यामुळे नाही, अशी ती मांडणी होती. तुम्ही तो काळ लिहाल तेव्हा या गप्प बसण्याला एक पूर्ण परिच्छेद द्या.

त्याच काळात हिंदीत ‘करमचंद’ आला, १९८५ मध्ये. पंकज कपूर गाजर चावत तपास करायचे, सोबत सुष्मिता मुखर्जींची किटी. पोलीस दुय्यम आणि खासगी हेर हुशार, ही कल्पना आपल्याकडच्या छोट्या पडद्याला नवीनच होती. १९९३ मध्ये बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ आला, पण तो मुळातच जुन्या कोलकात्यातला, त्यात मुंबई शोधायला जाऊ नका. ‘उडान’ ही काटेकोर अर्थाने क्राइम मालिका नाही, तरी ती सोडू नका. १९८९ मध्ये कविता चौधरींनी आपल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून ती उभी केली. याच कांचन चौधरी पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला डीजीपी. ‘उडान’ लागायची तेव्हा आमच्या मजल्यावरच्या तीन मुलींनी पोलीस भरतीची चौकशी केली होती. त्यातली एक खरंच भरती झाली.

शेजाऱ्याचं हे प्रकरण आपल्याच देशातलं नाही. ब्रिटनमध्ये १९५५ साली बीबीसीवर ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ सुरू झाली. त्यातला पोलीस पायी गस्त घालायचा, गल्लीतल्या प्रत्येकाला नावाने ओळखायचा. १९६२ मध्ये ‘झेड कार्स’ आली. लिव्हरपूलजवळच्या नव्या वसाहतीची पार्श्वभूमी आणि गाडीतून फिरणारे पोलीस. माणसं जुन्या गल्ल्यांमधून उठून नव्या वसाहतींत गेली, पोलीस गाडीत बसला आणि दोघं एकमेकांना अनोळखी झाले. हे त्यांच्याकडे सात वर्षांत पडद्यावर उमटलं. आपल्याकडे जरा उशिरा, पण जवळपास असंच झालं.

२१ जानेवारी १९९८ ला सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. तेच बी. पी. सिंग, तेच शिवाजी साटम. पण मुंबई ती राहिली नव्हती. मधे १९९२-९३ च्या दंगली झाल्या, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट झाले. १९९७ च्या जानेवारीत गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत यांची हत्या झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टी-सीरिजच्या गुलशन कुमारांची. खंडणीचे फोन आणि पोलीस चकमकी रोज पहिल्या पानावर. मालिका मात्र दर आठवड्याला एक बंद खोली, एक मृतदेह आणि एक कोडं घेऊन यायची. बाहेर जे चाललं होतं ते इतकं जवळचं आणि इतकं भीतीचं होतं की घरात बसून बघायला लोकांना सुटणारं कोडंच हवं होतं. मला तरी हीच तिची ताकद वाटते. ती २०१८ पर्यंत चालली, दीड हजारांहून जास्त भाग झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली.

आता दार. ‘सीआयडी’तला इन्स्पेक्टर दया दार तोडतो यावर सगळ्या देशाने विनोद केले. पण तुम्ही विद्यार्थी म्हणून विचार करा, दार तोडायची वेळ का येते? कारण ते आतून बंद आहे आणि शेजाऱ्याकडे किल्ली नाही. आमच्या चाळीत प्रत्येक घराची दुसरी किल्ली शेजारी असायची. नव्वदच्या दशकात लोक चाळी विकून डोंबिवली, मीरा रोड, वसई-विरारला ब्लॉकमध्ये गेले. लाकडी दारापुढे लोखंडी सेफ्टी डोअर आलं, दाराला भिंगाचं भोक आलं, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची पद्धत गेली. ते बंद दार पडद्यावर आलं आणि त्याच्यासाठी खांद्याची गरज पडली.

आम्ही एका मालिकेसाठी असं तोडायचं दार करून घेतलं होतं. सेटवरच्या सुतारकाकांनी हलक्या प्लायचं पान केलं, कडीच्या जागी बोटभर रुंदीची पातळ लाकडी पट्टी ठोकली आणि बिजागरीचे वरचे स्क्रू अर्धे काढून ठेवले. धक्का बसला की पट्टी मोडते आणि पान आत पडतं. प्रत्येक टेकला नवी पट्टी. मी बाजूला उभी राहून बघत होते. चौथ्या टेकनंतर काका पट्टी ठोकता ठोकता म्हणाले, ‘ताई, खऱ्या घरात एवढा आवाज झाला तर बाजूचे बाहेर नाही का येणार?’ मी संहिता उघडून बघितली. बाजूचे कोणी नव्हतेच. मजल्यावर चार फ्लॅट लिहिले होते आणि माणसं एका फ्लॅटपुरती. मला ते खटकलंही नव्हतं, कारण मी तेव्हा स्वतः ठाण्याला तशाच मजल्यावर राहत होते.

‘सीआयडी’मधली दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, ती म्हणजे आडनावं. प्रद्युमन, अभिजीत, दया, विवेक. डॉ. साळुंखेंसारखा अपवाद सोडला तर सगळे पहिल्या नावाचे. महाराष्ट्रातल्या बहुतेक पोलीस ठाण्यांत जाऊन बघा, छातीवरच्या पट्टीवर आडनाव असतं आणि हाकही आडनावानेच मारतात. जाधव साहेब, शिंदे मॅडम. हिंदी उपग्रह वाहिनी देशभर दिसणार, आडनाव आलं की जात, प्रांत, भाषा सगळं येतं. मग आडनावच नको. पुढे हा नियमच झाला. मी लिहायला लागले तेव्हा चॅनलच्या कायदा विभागाकडून येणाऱ्या यादीत पहिली सूचना बहुतेक वेळा हीच असायची: आडनावं काढा. कोणाची बदनामी होऊ नये हा हेतू बरोबर आहे. पण त्यापायी जातीमुळे घडलेले गुन्हे क्राइम मालिकांतून जवळजवळ गायब झाले. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचं दलित हत्याकांड घडलं. तेव्हा आम्ही आठवड्याला दोन-दोन खून लिहीत होतो आणि मरणाऱ्या एकालाही जात नव्हती. मला याचं आजही वाईट वाटतं.

तिसरं म्हणजे कोर्ट. आरोपी कबुली देतो, साहेब फाशीची भाषा करतात, भाग संपतो. वकील नाही, न्यायाधीश नाही, जामीन नाही. १९९३ च्या स्फोटांचा खटला समोर ठेवून हे बघा. टाडा न्यायालयाने निकाल द्यायला सुरुवात केली सप्टेंबर २००६ मध्ये आणि शिक्षा सुनावून संपल्या जुलै २००७ मध्ये. चौदा वर्षं. एवढी वर्षं वाट बघणाऱ्या शहराला तासाभरात न्याय देणारी मालिका का आवडली, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने जातात, पडद्यावर तो जाहिरातींच्या आधी येतो. हा निव्वळ खोटेपणा म्हणून सोडून देऊ नका. जी गोष्ट लोकांना खऱ्या आयुष्यात मिळत नव्हती ती तिथे रोज मिळत होती.

संशयिताबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः जबाबदार आहे. २००० नंतर सोसायट्यांमध्ये पाट्या लागल्या, की नोकरांची माहिती पोलीस ठाण्यात द्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खुनाच्या बातम्या येत होत्या, भीती खरी होती. पण आम्ही लेखकांनी त्या भीतीचं यंत्र केलं. दुसऱ्या ब्रेकपर्यंत संशय कोणावर? घरकाम करणाऱ्या मावशींवर. तिसऱ्या ब्रेकपर्यंत? वॉचमनवर, आणि तो हटकून परप्रांतातला. शेवटी खुनी कोणीतरी घरातलाच निघायचा, म्हणून आम्हाला वाटायचं की आपण न्यायच केला. पण चाळीस मिनिटं त्या बाईला पोलीस ठाण्यात उभं ठेवलेलं लोकांनी पाहिलेलं असायचं. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी एकदा असा भाग माझ्याबरोबर बसून पाहिला. संपल्यावर म्हणाल्या, ‘शेवटी तिला कोणी सॉरी म्हणालं नाही.’ त्यानंतर मी जितके भाग लिहिले त्यात निर्दोष सुटलेल्या माणसाशी अधिकारी एक वाक्य तरी बोलेल असं बघितलं. बहुतेकदा ते एडिटमध्ये कापलं गेलं.

‘क्राइम पेट्रोल’ २००३ मध्ये सुरू झाली आणि अनुप सोनींच्या निवेदनाने घराघरात पोहोचली. तिच्या पाठोपाठ खऱ्या प्रकरणांवरच्या मालिकांची लाट आली, २०१२ मध्ये ‘सावधान इंडिया’ आली. इथे बंद खोलीतलं कोडं गेलं आणि ओळखीचा माणूस आला. दीर, मामा, क्लासचे सर, समोरच्या फ्लॅटमधला भला गृहस्थ. ज्या शेजाऱ्याला आम्ही साक्षीदार म्हणून सोडला होता तो आरोपी म्हणून परत आला. नाही तर बहिरा म्हणून: ‘रोज रात्री आवाज यायचे, पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं?’ हे वाक्य मी किमान वीस भागांत लिहिलं असेल. ते मनाने रचलेलं नाही. प्रकरणांचे कागद वाचताना शेजाऱ्यांच्या जबाबात ते पुन्हा पुन्हा सापडायचं.

या लाटेने एक मोठं काम केलं. घरातली हिंसा ही घरातली गोष्ट नसून गुन्हा आहे, हे लाखो घरांत बोललं गेलं. पण निवेदकाच्या तोंडचा उपदेश बघा. तिने आधी सांगायला हवं होतं, तिने ओळख नसलेल्याशी बोलायला नको होतं, आईवडिलांनी मोबाइल तपासायला हवा होता. सावध राहायची सगळी जबाबदारी बळीवर. आम्ही अशा अनेक मालिकांसाठी हे लिहिलं आणि तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

मग डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची सामूहिक बलात्काराची घटना घडली आणि २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. पाठलाग करणं हा कलम ३५४-ड खाली स्वतंत्र गुन्हा झाला. अशा गुन्ह्यांची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही कलम १६६-अ खाली शिक्षा आली. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलचं प्रकरण झालं, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. ती जागा आमच्या चाळीपासून लांब नाही.

कायद्याने संहिता कशी बदलते याचा हा माझ्या हातातला पुरावा. २००९ मध्ये मी एक प्रसंग लिहिला होता. मुलगी दादर स्टेशनच्या पुलावर रोज सहा बाविसच्या लोकलसाठी येते, एक मुलगा रोज तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालतो. इन्स्पेक्टर त्याला पकडतो, मुलगा लाजत म्हणतो ‘प्रेम आहे साहेब’, हवालदार हसतो, मुलाला सोडून देतात. प्रेक्षकाचा ताण हलका करायला लिहिलेला प्रसंग. २०१४ मध्ये दुसऱ्या मालिकेसाठी मी तो जुन्या फाइलमधून काढला आणि वाचता वाचता थांबले. तोच पूल, तीच चार पावलं. एक शब्द न बदलता तो आता भीतीचा प्रसंग झाला होता. मी फक्त हवालदाराचं हसणं काढलं आणि मुलीला एक वाक्य दिलं: ‘साहेब, मी सात महिने डबा बदलून प्रवास करतेय.’ पहिल्या वेळी ती मुलगी काय करत असेल हा प्रश्नच मला पडला नव्हता, आणि मी स्वतः वर्षानुवर्षं त्याच पुलावरून गेलेली बाई आहे.

त्याच २०१४ मध्ये झी मराठीवर ‘अस्मिता’ आली, मयुरी वाघ खासगी हेर. तोवर तपासमालिकांत बाई म्हणजे बहुतेकदा बळी, सहायक किंवा प्रयोगशाळेतली. प्रत्यक्षात मुंबई गुन्हे शाखेची प्रमुख म्हणून मीरां चड्ढा बोरवणकर त्याच्या कितीतरी आधी काम करून गेल्या होत्या. पडदा नेहमी काळाच्या पुढे असतो असं समजू नका. बऱ्याचदा तो दहा वर्षं मागे असतो, आणि ते मागे असणंही मोजण्यासारखं आहे.

मराठीत २०२० मध्ये आलेल्या ‘देवमाणूस’वर तुम्ही स्वतंत्र प्रकरण करू शकता. सातारा जिल्ह्यात २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या हत्यांची तिच्यावर सावली होती. गावात डॉक्टर म्हणून वावरणारा माणूस, आणि त्याला देव मानणारं गाव. टीकाकारांनी खुनांची संख्या मोजली. मला त्यातली रांग महत्त्वाची वाटते. त्याच्या दवाखान्याबाहेर माणसं का बसतात? कारण रात्री-अपरात्री दार उघडणारा तो एकच आहे. गावाकडच्या आरोग्यसेवेवर एखादा लेख जे सांगेल ते त्या ओसरीवरच्या बाकड्यात आहे. इथे दार उघडं आहे आणि भीती त्या उघड्या दाराचीच आहे, मुंबईच्या अगदी उलट.

वेब मालिकांनी आडनाव परत आणलं. २०१८ च्या ‘सेक्रेड गेम्स’मध्ये सरताज सिंग आणि जितेंद्र जोशींनी केलेला काटेकर. हवालदाराला घर आहे, बायको आहे, कर्ज आहे. ‘दिल्ली क्राइम’ने डिसेंबर २०१२ चाच तपास दाखवला, त्याला २०२० चा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. तिथे पोलीस थकलेले आहेत, गाडीच्या डिझेलची भ्रांत आहे. ‘पाताल लोक’मध्ये हाथीराम चौधरी आणि इम्रान अन्सारी एकाच ठाण्यात काम करतात आणि त्या दोन आडनावांमध्ये जे घडतं ते आम्हाला वीस वर्षं लिहिता आलं नव्हतं. हे लेखकांचं धैर्य वाढल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. जाहिरातदार बाजूला झाला आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघायची अट सुटली, हे मोठं कारण. आता माणूस मोबाइलवर, कानात इअरफोन घालून, लोकलमध्ये उभ्या उभ्या एकटा बघतो. कोपऱ्यातल्या खोलीबाहेरचा चपलांचा ढीग संपला तेव्हा गोष्टीची भीडही संपली. त्याचा फायदा झाला आणि तोटाही. आमच्या उंबऱ्यावर खुनी ओळखायची पैज लागायची आणि आजोबा मधेच उठून पोलीस कसे चुकले ते सांगायचे. ती चर्चा आता ज्याच्या त्याच्या डोक्यात होते.

प्रकल्पासाठी एक करा. प्रत्येक दशकातले दोन भाग घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि फक्त दारं मोजा: किती उघडी, किती बंद, कोणी उघडली. दुसऱ्यांदा आवाज लावून पहिल्या तीन संशयितांची कामं लिहा. तिसऱ्यांदा बघा की पोलिसांना माहिती कुठून मिळते. जुन्या भागांत माणसाकडून मिळेल, मग मोबाइलच्या टॉवरवरून, आता सीसीटीव्हीवरून. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा आज तेच काम करतो जे आमच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या आजी करायच्या. फरक एवढाच, की आजी त्या मुलाला हटकायच्या. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. पंच कायद्यात अजून आहेत. पण येत्या दहा वर्षांत पडद्यावर पंचनाम्याच्या जागी मोबाइल धरलेला शिपाई दिसेल, असा माझा अंदाज आहे. तुम्ही तपासून बघा.

गेल्या महिन्यात मी डिजिटल अरेस्टवर एक भाग लिहिला. कायद्यात असा प्रकारच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि असा फोन आला तर तो कापून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची असते. तरीही निवृत्त, शिकलेली, हुशार माणसं यात आयुष्याची पुंजी घालवून बसतात. माझ्या भागात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दोन दिवस लॅपटॉपसमोर बसून आहेत. दार आतून बंद. समोरचा खोटा अधिकारी सांगतोय, कोणाशी बोलायचं नाही, उठायचं नाही. अशा फसवणुकीचा पायाच हा आहे की त्या माणसाला विचारायला कोणी येणार नाही.

मी शेजारीण लिहिली. ती उपासाच्या खिचडीची वाटी घेऊन येते आणि बेल वाजवते. उत्तर येत नाही. पुन्हा वाजवते. चॅनलवरून विचारणा झाली: ही कोण? पुढे तिचं काही आहे का? नसेल तर काढू, एक कलाकार कमी होईल. मी म्हटलं, पुढे तिचं काही नाही, पण ती तिसऱ्यांदाही बेल वाजवते. बराच वाद झाला आणि तो प्रसंग राहिला. शूटिंगच्या दिवशी मी मढला सेटवर गेले होते. तिसऱ्या बेलला त्या गृहस्थांची भूमिका करणाऱ्या नटाने खुर्चीतून उठायचं होतं. संहितेत एवढंच लिहिलं होतं, ‘उठतात.’ त्यांनी आधी लॅपटॉपकडे बघितलं, मग हळूच, स्क्रीनवर दिसू नये असा एक पाय चपलेत सरकवला.